‘कागज के फूल’ पुन्हा पाहण्याआधी पट्टी घेऊन पडदा मोजा

गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ १९५९ मध्ये प्रदर्शित झाला आणि सपाटून आपटला. प्रेक्षकांनी पाठ फिरवली, टीकाकारांनीही फारसं उचलून धरलं नाही. त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून एकाही चित्रपटाला आपलं नाव दिलं नाही. आज हाच चित्रपट कॅमेऱ्याचं काम शिकणाऱ्यांना आवर्जून दाखवला जातो, आणि त्याच्या अपयशाची बोळवण ‘काळाच्या पुढे होता’ एवढ्या तीन शब्दांत केली जाते.

हे तीन शब्द पुरेसे नाहीत. चित्रपट ही मोजता येणारी गोष्ट आहे. चौकटीची ठरावीक रुंदी, पडद्यावर पडणारा ठरावीक उजेड, सेकंदाला ठरावीक फ्रेम आणि ठरावीक लांबी. यातलं एक माप बदललं तरी समोर दिसतं ते मूळ काम राहत नाही. गाजलेल्या चित्रपटाच्या प्रिंट पुन्हा पुन्हा निघतात, त्या नीट तपासल्या जातात. पडलेल्याच्या वाट्याला बऱ्याचदा हाताला लागेल ती प्रिंट आणि घाईत केलेली कॉपी येते. म्हणून पडेल चित्रपटाबद्दल नवं मत बनवण्याआधी, त्यातला किती भाग आपल्यासमोर आहे हे पाहून घेतलं पाहिजे. ‘कागज के फूल’ त्यासाठी फार चांगलं उदाहरण आहे, कारण तो भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट.

सिनेमास्कोपची युक्ती भिंगात आहे. नेहमीचं भिंग आडवं आणि उभं सारख्याच प्रमाणात लहान करतं. सिनेमास्कोपच्या भिंगात नळीच्या आकाराचा वक्रपणा असतो. ते दृश्य फक्त आडव्या दिशेने निम्मं करून ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर बसवतं. फिल्म हातात धरून पाहिली तर माणसं उंच आणि काटकुळी दिसतात. प्रोजेक्टरसमोर उलट काम करणारं भिंग लावलं की तीच माणसं दुप्पट रुंद होऊन मूळ आकाराला येतात. प्रोजेक्टरच्या खिडकीतून फिल्मचा सुमारे २१.३ मिलिमीटर रुंद आणि १८.२ मिलिमीटर उंच तुकडा दिसतो. रुंदी दुप्पट केली की रुंदी आणि उंचीचं प्रमाण २.३५ ला १ असं होतं. ‘कागज के फूल’ची चौकट ही अशी आहे.

आता घरच्या टीव्हीवर पट्टी लावा. ५५ इंची टीव्हीचा पडदा सुमारे १२१.८ सेंटिमीटर रुंद आणि ६८.५ सेंटिमीटर उंच असतो. पूर्ण चौकट दाखवायची तर चित्राची उंची ५२ सेंटिमीटरच्या आसपास भरेल, आणि वर-खाली साधारण ८-८ सेंटिमीटरचे काळे पट्टे राहतील. हे पट्टे पाहून काही जण रिमोटवरचं झूम दाबतात. पडदा भरतो, पण डावी-उजवीकडचं मिळून २४ टक्के चित्र बाहेर जातं. पट्टे डाव्या-उजव्या बाजूला असतील आणि चित्र जवळपास चौकोनी दिसत असेल, तर जुन्या टीव्हीसाठी कापलेली कॉपी समोर आहे आणि ४३ टक्के चित्र गेलेलं आहे. अशा कॉपीत, दोन माणसं चौकटीच्या दोन टोकांना उभी असतील तर कॉपी करणारा एकदा याच्यावर आणि एकदा त्याच्यावर चौकट सरकवतो. मूळ दृश्यात कॅमेरा स्थिर असतो, इथे तो उगाच डुलताना दिसतो. या चित्रपटात रिकाम्या स्टुडिओतली दोन माणसांमधली जागा हाच दृश्याचा विषय आहे. ती जागाच कापली, तर उरतात नुसते दोन उदास चेहरे, आणि चित्रपट रडका वाटू लागतो.

आणखी एक तपासणी सोपी आहे. चौकटीच्या मधोमध एखादी गोल वस्तू समोरून दिसत असेल तिथे चित्र थांबवा. घड्याळ, बशी, दिव्याची तबकडी, काहीही चालेल. रुंदी आणि उंची मोजा. दोन्ही सारखी हवीत. उंची बरीच जास्त असेल तर चित्र पूर्ण ताणलेलं नाही. मात्र खूप जवळून घेतलेल्या चेहऱ्यावर ही परीक्षा करू नका. सुरुवातीच्या सिनेमास्कोप भिंगांत एक खोट होती. वस्तू जवळ आली की ती भिंगं पूर्ण दुपटीने दाबत नसत. दाब १.८ पट झाला आणि प्रोजेक्टरने मात्र २ पटच ताणलं, तर चेहरा ११ टक्के रुंद होतो. गालगुंड झाल्यासारखे चेहरे दिसतात अशी त्या काळातल्या तंत्रज्ञांची तक्रार होती, आणि म्हणून कित्येक दिग्दर्शक या पद्धतीत जवळचे शॉट टाळत.

थिएटरचा प्रश्न वेगळाच होता. सिनेमास्कोप दाखवायला रुंद पडदा आणि ताणणारं भिंग, दोन्ही लागतं. उंची तीच ठेवून पडदा जवळपास दुप्पट रुंद केला आणि दिवा जुनाच राहिला, तर तेवढाच उजेड जवळपास दुप्पट क्षेत्रावर पसरतो. पडद्याच्या प्रत्येक भागाला जवळपास निम्माच उजेड मिळतो. रंगीत, झगझगीत चित्रपटात हे एकवेळ खपून जातं. कृष्णधवल आणि मुद्दाम काळोखात घडणाऱ्या चित्रपटात करड्या रंगाच्या खालच्या छटा एकमेकींत मिसळतात आणि पडद्याचा अर्धा भाग नुसता काळा होतो. हा चित्रपट पडला तो एवढ्याचमुळे असं मी म्हणणार नाही. कथा जड आहे, उतरणीला लागलेल्या दिग्दर्शकाची आहे, आणि तिकीट काढून आलेल्याला ती हसवत नाही. पण या चित्रपटाचं जे सर्वात मोठं बळ आहे, तेच कमकुवत दिव्यासमोर सगळ्यात आधी नाहीसं होतं.

ते बळ म्हणजे व्ही. के. मूर्ती यांचं छायालेखन. त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. कला दिग्दर्शनाचा फिल्मफेअर याच चित्रपटासाठी आपले चित्रकार एम. आर. आचरेकर यांना मिळाला. पुढे मूर्ती हे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेले पहिले छायालेखक ठरले. गीता दत्त यांच्या आवाजातल्या ‘वक्त ने किया क्या हसीं सितम’ या प्रसिद्ध गाण्यात रिकाम्या, काळोख्या स्टुडिओत वरून उजेडाचा एक जाड झोत तिरपा उतरतो. हा झोत स्टुडिओतल्या दिव्याचा नाही. मूर्तींनी मोठे आरसे वापरून बाहेरचं ऊन आत आणलं होतं. एक आरसा बाहेर उन्हात आणि दुसरा आत उंचावर.

एवढा खटाटोप कशाला, याचं उत्तर भूमितीत आहे. दिवा जवळ असतो, त्यामुळे त्याचे किरण फाकत जातात. दिव्यापासून ५ मीटरवर उजेडाचा पट्टा १ मीटर रुंद असेल, तर २० मीटरवर तो ४ मीटर होतो आणि त्याची तीव्रता सोळाव्या हिश्श्यावर येते. डोळ्याला तो लगेच दिवा म्हणून कळतो. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे आणि आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. म्हणून त्याचे किरण जवळपास समांतर येतात. १ मीटर रुंद सपाट आरशावरून परतलेला उन्हाचा झोत २० मीटर पुढे गेल्यावर साधारण १ मीटर १९ सेंटिमीटर होतो. कौलाच्या फटीतून येणाऱ्या कवडशाच्या कडा जशा सरळ आणि धारदार दिसतात, तशाच त्या इथे भल्यामोठ्या मापात दिसतात. चांगला आरसा ८५ ते ९० टक्के उजेड परत करतो. दोन आरशांनंतरही तीन-चतुर्थांशाच्या आसपास उजेड शिल्लक राहतो. भर दुपारच्या उन्हाचे तीन-चतुर्थांश म्हणजे बंद स्टुडिओसाठी प्रचंड उजेड झाला.

अडचण सूर्याच्या चालण्याची. आकाशात तो तासाला सुमारे १५ अंश, म्हणजे मिनिटाला पाव अंश सरकतो. आरसा जागेवरच ठेवला, तर २० मीटरवर पडलेला कवडसा एका मिनिटात जवळपास ९ सेंटिमीटर हलतो. चार मिनिटांत नट उजेडाच्या कडेला येतो. म्हणून अशा कामात बाहेरच्या आरशापाशी माणूस उभा ठेवून आरसा सतत थोडा थोडा वळवावा लागतो. इथे चूक होते ती अशी, की आरसा जितका वळवाल त्याच्या दुप्पट झोत वळतो. सूर्य पाव अंश सरकला तर आरसा त्याच्या निम्माच वळवायचा. हाताचा नुसता दशांश अंशाचा धक्का लागला तरी कवडसा ७ सेंटिमीटर उडतो. आरसा पातळ असेल आणि चौकटीत सैल बसला असेल, तर वाऱ्याने तो किंचित वाकतो आणि झोताच्या कडा थरथरतात. ढग आला की काम थांबवायचं, कारण अर्धवट उन्हातला शॉट पुढच्या शॉटशी जुळत नाही.

नुसता झोत हवेत दिसत नाही. उजेड कॅमेऱ्याकडे वळवायला हवेत काहीतरी लागतं, धूळ नाहीतर धूर. अशा बारीक कणांवरून उजेड सगळीकडे सारखा विखुरत नाही, तो बराचसा पुढच्या दिशेला जातो. म्हणून कॅमेरा झोताच्या उगमाकडे तोंड करून तिरपा ठेवला तर झोत ठळक दिसतो, आणि उगमाकडे पाठ केली तर फिका पडतो. मागची भिंत काळी हवी. धूर कमी झाला तर झोतच दिसत नाही, जास्त झाला तर अख्खा सेट करडा होऊन काळा रंग मरतो. शिवाय मोठ्या दिव्यांनी तापलेली हवा धूर घेऊन वर जाते आणि त्याचे थर बनतात. मग झोत मध्येच तुटल्यासारखा दिसतो. धूर पंख्याने सारखा मिसळून घ्यायचा, पंखा बंद करायचा, हवा शांत होऊ द्यायची आणि मगच कॅमेरा चालू करायचा, एवढं सगळं लागतं. कृष्णधवल फिल्मचा इथे एक फायदा होता. ऊन निळसर आणि स्टुडिओचे दिवे पिवळसर असतात. रंगीत फिल्मवर हे दोन्ही एकत्र आणले की रंगांचा मेळ बिघडतो. कृष्णधवल फिल्मवर दोन्ही बिनधास्त वापरता येतात.

घरच्या टीव्हीत मात्र हाच धूर पहिला बळी पडतो. टीव्हीतली चित्र ‘स्वच्छ’ करणारी सोय दोन फ्रेमची तुलना करते आणि जे बारीक, हलतं, सतत बदलतं आहे ते पुसते. झोतात तरंगणारे कण नेमके तसेच असतात. ते गेले की हवा जाऊन चुन्याचा पट्टा मारल्यासारखा सपाट उजेड उरतो. म्हणून चित्रपट लावण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन नॉइज रिडक्शन (हीच ‘स्वच्छ’ करणारी सोय) आणि मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा, शार्पनेस कडांभोवती कृत्रिम रेघ दिसणार नाही इतका खाली आणा, आणि ‘व्हिविड’ सोडून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडा. खोलीतला दिवा मालवा. झोताच्या कडेला पायऱ्या पायऱ्या दिसत असतील तर तो दोष फार दाबलेल्या व्हिडिओचा आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या हळुवार उताराला ज्या छटा लागतात त्या फाइल लहान करताना गेलेल्या असतात. तोच चित्रपट जास्त मोठ्या फाइलमध्ये मिळाला तर तो घ्या.

जुन्या फिल्मची डागडुजी करणारेही याच ठिकाणी चुकू शकतात. फिल्मवर बसलेली धूळ काढणारा संगणक मागची, मधली आणि पुढची फ्रेम ताडून पाहतो. फक्त मधल्या फ्रेममध्ये दिसणारा ठिपका धूळ समजून तो शेजारच्या फ्रेममधला तुकडा तिथे चिकटवतो. पाऊस, ठिणग्या आणि उन्हातले खरेखुरे कण त्याला धुळीसारखेच वाटतात. म्हणून अशा दृश्यांत आपोआप सफाई बंद ठेवून फ्रेम हाताने साफ कराव्या लागतात. हे काम वेळखाऊ आणि महाग आहे. पडेल चित्रपटावर एवढा खर्च करायला कोणीतरी हट्टाने पुढे यावं लागतं.

वेगाकडेही लक्ष ठेवा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ लागत, म्हणून कित्येक डीव्हीडींत चित्रपट सरळ ४ टक्के जास्त वेगाने पळवलेला असतो. १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो, आणि आवाजाची पट्टी दुरुस्त केली नसेल तर ती जवळपास पाऊण अर्धस्वराने चढते. सचिनदेव बर्मन यांच्या चालीतला संथ भार त्यात हलका होतो. गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेशी ताडून पाहिलं तर हा फरक सहज कानाला जाणवतो.

रुंदी, उजेड आणि वेग पाहिले, राहिली लांबी. तिचं सर्वात मोठं उदाहरण जर्मनीत आहे. फ्रित्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्याची लांबी ४१८९ मीटर होती. एका फ्रेमला १९ मिलिमीटर फिल्म लागते, म्हणजे सुमारे २ लाख २० हजार फ्रेम, सेकंदाला २४ ने साधारण १५३ मिनिटं. खर्च अफाट, उत्पन्न थोडं. एच. जी. वेल्स यांच्यासारख्या लेखकाने त्यावर कडाडून टीका केली. अमेरिकेसाठी तो कापला गेला, पुढे जर्मनीतही कापला गेला, आणि जवळपास एक चतुर्थांश भाग नाहीसा झाला. एक पात्र दुसऱ्याचा पाठलाग का करतं, शास्त्रज्ञाचा राग नेमका कशावर आहे, हे पुढच्या पिढ्यांना कळेना. त्यांनी त्याचा ठपका पटकथेवर ठेवला.

२००८ मध्ये अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयात त्याची जवळपास पूर्ण प्रत सापडली. ही प्रत १६ मिलिमीटरची होती. मूळ ज्वालाग्राही नायट्रेट प्रिंटवरून ती उतरवून घेतली होती आणि मूळ प्रिंट नष्ट केली गेली होती. उतरवताना मूळ प्रिंटवरचे ओरखडे चित्राचा भाग होऊन बसले. ते पुसायला खाली काहीच शिल्लक नाही. शिवाय उतरवणाऱ्या यंत्राची खिडकी मूळ चौकटीपेक्षा लहान असल्याने कडेचा भाग कापला गेला. २०१० च्या आवृत्तीत हे तुकडे जागच्या जागी बसवले आहेत. कोणता तुकडा कुठे बसतो हे ठरवायला गॉटफ्रीड हुप्पर्ट्झ यांच्या मूळ संगीताच्या प्रतीवर लिहिलेल्या दृश्यांच्या खुणा कामी आल्या. पाहताना नवे तुकडे लगेच ओळखू येतात. चित्रावर पावसासारख्या उभ्या रेघा असतात आणि कडेला काळा पट्टा. दोन प्रसंग अजून सापडलेले नाहीत, तिथे मजकुराच्या पाट्या आहेत. ‘मेट्रोपोलिस’ शोधताना आधी कालावधी पाहा. दीड तासाची आवृत्ती असेल तर ती बाजूला ठेवा, अडीच तासांच्या आसपासची आणि मध्येमध्ये रेघाळलेली असेल तर ती लावा.