गेटला दहा व्होल्ट का? स्टँडर्ड आणि लॉजिक लेव्हल मॉसफेटची पार्श्वभूमी

निपाणी-चिकोडीकडे उसाच्या ठिबकचे व्हॉल्व्ह असोत की बेळगावच्या उद्यमबागेतली 12 व्होल्टची मोटर, ईएसपी32 या छोट्या कंट्रोलर बोर्डाला बहुतेक वेळा आयआरएफझेड44एन हा स्टँडर्ड मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच; गेट या पायाला व्होल्टेज दिले की ड्रेन आणि सोर्स या पायांमधून करंट वाहतो) जोडला जातो, कारण दुकानात तोच हमखास मिळतो. मग व्हॉल्व्ह नीट ओढत नाही, मॉसफेट चटका बसण्याइतका तापतो आणि बोल प्रोग्रॅमला लागतो. खरे कारण वेगळे: बोर्ड देतो 3.3 व्होल्ट, या मॉसफेटच्या गेटला हवेत 10.

मॉसफेट 1959 साली बेल लॅब्समध्ये अटाला आणि कांग यांनी घडवला. मोठा करंट पेलणारे पॉवर मॉसफेट सत्तरच्या दशकात आले. त्यांच्या गेटखालचा ऑक्साइडचा थर जाड होता, म्हणून पूर्ण उघडायला 10 व्होल्ट लागत. गेटला इशारा देणाऱ्या 4000 मालिकेच्या सीमॉस लॉजिक चिप्स 15 व्होल्टपर्यंत चालत, त्यामुळे तेव्हा हे कोणाला खटकले नाही. टीटीएल या दुसऱ्या लॉजिक चिप्सच्या मालिकेची गोष्ट वेगळी. तिचा पुरवठा 5 व्होल्टचा आणि हाय पातळी (‘चालू’ इशाऱ्याचे व्होल्टेज) 2.4 व्होल्टपर्यंत उतरू शकणारी. ऐंशीच्या दशकात थर पातळ करून लॉजिक लेव्हल मॉसफेट निघाले, ते याच गरजेतून. पातळ थराची किंमतही मोजावी लागते: आयआरएफझेड44एनचा गेट 20 व्होल्ट सोसतो, त्याच्या लॉजिक लेव्हल भावंडाचा, आयआरएलझेड44एनचा, 16.

सगळा घोटाळा थ्रेशोल्डच्या, म्हणजे मॉसफेट उघडू लागण्याच्या गेट व्होल्टेजच्या, आकड्यावरून होतो. आयआरएफझेड44एनच्या डेटाशीटमधले (कंपनीच्या माहितीपत्रकातले) ‘2 ते 4 व्होल्ट’ म्हणजे जेमतेम 250 मायक्रोअँपिअर वाहू लागण्याची पातळी. त्याला चालू होणे म्हणत नाहीत. शिवाय थंडीत थ्रेशोल्ड वर सरकतो. म्हणून काठावर चालणारे सर्किट दुपारी ठीक चालते आणि डिसेंबरच्या पहाटे खानापुरात अडून बसते.

पाहायची ती ऑन-रेझिस्टन्सची (चालू असताना मॉसफेटमध्ये उरणाऱ्या रोधाची) ओळ, आणि तीही किती गेट व्होल्टेजला दिली आहे ते. आयआरएफझेड44एनला ती फक्त 10 व्होल्टला मिळते. आयआरएलझेड44एनला 5 व्होल्टला 25 मिलिओहम: 5 अँपिअरला सुमारे 0.6 वॅट, हीटसिंकशिवाय निभते. पण त्याचीही हमी 4 व्होल्टपर्यंतच, त्यामुळे 3.3 व्होल्टच्या ईएसपी32ला तोही भरवशाचा नाही. तिथे 2.5 व्होल्टला हमी देणारा एओ3400 घ्यावा, नाहीतर मध्ये गेट ड्रायव्हर (बोर्डाचा इशारा वाढवून देणारी चिप) टाकून गेटला 10-12 व्होल्ट द्यावेत. काहीही घेतले तरी गेट ते सोर्स 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि व्हॉल्व्हच्या कॉइलवर उलटा 1एन4007 डायोड हवाच. तो डायोड नसेल, तर कॉइल बंद होतानाचा झटका कुठलाही मॉसफेट फोडू शकतो.