लोणारची काच

लोणारला विवराच्या काठावर उभं राहिलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "इथे पूर्वी ज्वालामुखी होता." मागच्या खेपेला शेजारचे एक आजोबा नातवाला तेच सांगत होते. त्यांना हसण्यात अर्थ नाही. चहूकडे काळा कातळ, तोही लाव्हाचाच, आणि मधोमध 1.8 किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा! भल्याभल्या भूशास्त्रज्ञांचीही इथे गल्लत झाली होती. पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि खड्डा त्या मानाने अगदी कालचा. त्याच्या नेमक्या वयावरून मात्र अजून वाद आहे. एका पद्धतीने सुमारे 50 हजार वर्षं येतात, दुसरीने साडेपाच लाखांच्या पुढे.

खड्डा ज्वालामुखीचा की अवकाशातून आदळलेल्या दगडाचा, याचा निकाल लागला तो एका कणावरून. बेसॉल्टचा, म्हणजे या काळ्या कातळाचा, कागदाहून पातळ काप ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाच्या काड्या करड्या-पांढऱ्या दिसतात. काप फिरवला की विझतात, पुन्हा उजळतात. लोणारच्या काही दगडांत मात्र काड्या जागच्या जागी, कडा शाबूत, पण काप कितीही फिरवा, त्या काळ्याच. स्फटिकाची काच झालेली असते. ही काच म्हणजे मास्केलिनाइट. लोणारमध्ये ती सापडल्याचं 1973 साली प्रसिद्ध झालं आणि ज्वालामुखीचा दावा निकालात निघाला.

फेल्डस्पार नुसता वितळून वाहिला असता तर काडीचा आकार राहिला नसता. मग काच झाली कशी? अवकाशातला दगड पृथ्वीकडे सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने येतो. बेसॉल्टमधून ध्वनी जातो पाच-सहा किलोमीटरने. म्हणजे धक्का येतोय ही वर्दी पुढच्या कणांना मिळायच्या आत धक्काच येऊन आदळतो. बाजूला सरकायला सवड नाही. क्षणार्धात दाब चढतो सुमारे 30 गिगापास्कल, हवेच्या दाबाच्या 3 लाख पट. एरवी एवढ्या दाबासाठी जमिनीखाली साधारण 800 किलोमीटर उतरावं लागेल. फेल्डस्पारमधली सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी कोलमडते आणि दाब ओसरताना अणूंना पुन्हा रांगेत बसायला वेळच मिळत नाही. ज्वालामुखीचा कितीही मोठा स्फोट घ्या, या दाबाच्या आसपासही फिरकत नाही.

जून 2020 मध्ये विवरातलं तळं गुलाबी झालं तेव्हा मोबाइलवर नाही नाही ते फिरलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं, तर खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. या काचेबद्दल मात्र मला आजवर एकही फॉरवर्ड आलेला नाही.

खरं तर लोणारचं मोल या काचेतच आहे. इतर बऱ्याच विवरांत आघाताची खूण क्वार्ट्झमध्ये, म्हणजे गारेच्या खनिजात, शोधतात. चंद्र-मंगळावरच्या बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच, तिथे फेल्डस्पारच वाचावा लागतो. आणि बेसॉल्टमध्ये पडलेली, हाताशी असलेली विवरं पृथ्वीवर मोजकीच.

मास्केलिनाइट पहिल्यांदा ओळखला गेला तोही भारतात पडलेल्या दगडात. 25 ऑगस्ट 1865 रोजी बिहारमधल्या शेरघाटीला सुमारे 5 किलोचा अशनी पडला. तो बेसॉल्टच, पण कुठला, हे शंभरेक वर्षं कोडंच होतं. मग त्याच जातीच्या, अंटार्क्टिकात सापडलेल्या दगडाच्या काचेत कोंडलेला वायू तपासला गेला. व्हायकिंग यानांनी 1976 मध्ये मोजलेल्या मंगळाच्या हवेशी तो जुळला. शेरघाटीचा दगड मंगळावरच्या लाव्हाचा होता. तिथे कशाची तरी धडक बसली, फेल्डस्पारची काच झाली आणि दगड सेकंदाला 5 किलोमीटरहून जास्त वेगाने मंगळ सोडून निघाला.