कॉइल नेमकी कुठे ठेवायची?

टीएमएस म्हणजे कवटी न उघडता, डोक्यावर धरलेल्या कॉइलमधल्या चुंबकीय स्पंदांनी मेंदूतल्या पेशींना चालना देणं. अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी शेफील्डमध्ये १९८५ साली ते करून दाखवलं. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेच्या औषध आणि उपकरण नियामक संस्थेची, म्हणजे एफडीएची मंजुरी मिळाली २००८ मध्ये. ‘उपयोग होतो का’ हा प्रश्न आता बराच मागे पडलाय. संशोधनाचा रोख आहे तो जागा आणि मात्रा यांवर.

मात्रा प्रत्येकाची वेगळी. हात हलवणाऱ्या भागावर कॉइल धरून एकेक स्पंद देतात. अंगठ्याच्या स्नायूत दहापैकी पाच वेळा किमान ५० मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद देणारी सर्वांत कमी तीव्रता म्हणजे मोटर थ्रेशोल्ड. नेहमीच्या उपचारात तिच्या १२० टक्के तीव्रता वापरतात. मोजताना रुग्णाने नकळत हात ताठ धरला, की आकडा खोटाच कमी येतो आणि पुढचा सगळा कोर्स कमजोर पडतो. उलट, जागरण झालं असेल किंवा दारू नुकतीच सोडली असेल, तर फिट येण्याचा एरवी अगदी कमी असलेला धोका वाढतो.

जागेचं दुखणं जुनं आहे. हात हलवणाऱ्या भागावरच्या त्या बिंदूपासून पाच सेंटीमीटर पुढे सरकायचं, हा पूर्वीचा नियम. पण डोकी काय एका मापाची असतात? मोठ्या डोक्यावर कॉइल नैराश्यासाठी गाठायच्या, कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाऐवजी मागच्या प्रीमोटर भागावरच राहते. म्हणून आता टोपीवरच्या खुणा, एमआरआय आणि कॉइलची जागा टिपणारा नॅव्हिगेशन कॅमेरा यांचा आधार घेतात.

वेळही आटली. २०१८ च्या कॅनडातल्या चाचणीत तीन मिनिटांचं थीटा बर्स्ट (स्पंदांचे झटपट झुबके देण्याची पद्धत) साडेसदतीस मिनिटांच्या जुन्या पद्धतीपेक्षा कमी ठरलं नाही. स्टॅनफर्डच्या पद्धतीत रोज दहा सत्रं, पाच दिवस. निकाल डोळे दिपवणारे, पण २०२१ ची शॅम, म्हणजे खोट्या उपचाराशी तुलना करणारी चाचणी जेमतेम २९ जणांवरची. तिच्यावर भिस्त ठेवायला आम्ही तरी बिचकू.

दुसरी पद्धत टीडीसीएस, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूला सौम्य वीजप्रवाह देणं. ती स्वस्त आणि सुटसुटीत: दोन मिलिॲम्पिअर, वीस-तीस मिनिटं, मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज. स्पंज सुकला तर कातडी भाजते. फार ओला असला तर पाणी ओघळून प्रवाह भलतीकडे पसरतो. शॅम गटात प्रवाह अर्ध्या मिनिटात बंद करतात, तरी चुणचुण थांबल्याचं काहींच्या लक्षात येतंच. त्यामुळे चाचणीच्या शेवटी ‘तुम्ही कोणत्या गटात होतात असं वाटतं?’ हे विचारून नोंदवावं लागतं.