गाणं आवडणं आणि गाणं कळणं

शास्त्रीय संगीताचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘मला त्यातलं काही कळत नाही’ हे एक, आणि ‘ज्याला कळतं त्यालाच ते आवडतं’ हे दुसरं. पहिलं बहुतेक वेळा ‘मला आवडत नाही’ याची सभ्य आवृत्ती असते. दुसरं हे जाणकारांनी स्वतःच स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्रक. घोळ दोन्हींत एकच आहे: आवड आणि जाण एकच धरलेल्या आहेत. या दोघी एकमेकींना मदत करतात, कधी आडव्याही येतात, पण त्यांच्या यायच्या वाटा वेगळ्या. एक आली म्हणजे दुसरी आलीच असेल, असं मुळीच नाही.

हे तपासायला भूप आणि देशकार ही जोडी फार सोयीची आहे. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर. मध्यम नाही, निषाद नाही. पेटीवर पट्ट्या दाखवा म्हटलं तर दोन्हींसाठी त्याच पट्ट्या. तरी भातखंड्यांनी रागांचे जे थाट, म्हणजे गट, पाडले त्यांत भूप कल्याण थाटात बसतो आणि देशकार बिलावल थाटात. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार आणि संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, धैवत. देशकारात नेमकं उलट. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा, देशकार सकाळी. भूप सप्तकाच्या खालच्या अंगात रमतो, गंधारावर निवांत थांबतो, रिषभाला मान देतो, मंद्र धैवताला हात लावून षड्जावर परततो. देशकाराचं सगळं लक्ष वर. धैवतावर उभं राहायचं, पंचमावर टेकायचं, तार षड्जाकडे झेपावायचं, आणि खाली येताना रिषभावर रेंगाळायचं नाही. रेंगाळलात की भूप दारात हजर.

आता दोन श्रोते घ्या. एकाला भूप ऐकला की आतून बरं वाटतं. तो त्याच रेकॉर्डिंगकडे पुन्हा पुन्हा वळतो, पण देशकार लावला तर ‘हा पण तोच ना?’ असं विचारतो. दुसरा दोन आलापांत देशकार ओळखतो, गायकाने रिषभ कुठे जास्त लावला तेही सांगतो, आणि मग घड्याळाकडे बघतो. पहिल्याकडे आवड आहे, दुसऱ्याकडे जाण. पहिल्याला अडाणी म्हणायचं कारण नाही आणि दुसऱ्याला रसिक म्हणायची घाई नको. मारवा, पूरिया आणि सोहनी या त्रिकुटाचंही असंच. स्वर तेच, मारव्यात धैवत आणि कोमल रिषभ पुढे, पूरियात गंधार आणि निषाद पुढे, सोहनी बहुतेक वेळ तार सप्तकाच्या आसपास. मारवा ऐकून अस्वस्थ व्हायला यातलं काहीही माहीत असावं लागत नाही.

ही विभागणी नुसती सोयीची नाही, तिला प्रयोगांचा आधारही आहे. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१४ साली अशा निरोगी लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांना संगीतातून सुख म्हणून मिळतच नाही. त्यांचा कान ठीक होता. धून दुःखी की आनंदी हे त्यांना ओळखता येत होतं. पैसे जिंकायच्या खेळात त्यांचं शरीर इतरांसारखाच प्रतिसाद देत होतं. संगीताला मात्र नाही. उलट टोकाला जन्मजात स्वरबधिर माणसं आहेत. साध्या चालीत एखादा स्वर चुकला तरी त्यांना तो खटकत नाही, आणि त्यांच्यातल्या काहींना तरीही संगीत ऐकायला आवडतं. सुख देणारी यंत्रणा आणि ओळख पटवणारी यंत्रणा एकच असती, तर अशी माणसं सापडली नसती.

आवड बरीचशी सवयीने लागते. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी माणूस तिच्याकडे झुकतो. महाराष्ट्रात शास्त्रीय संगीताची आवड ज्या रीतीने पसरली, ती याला धरूनच आहे. भास्करबुवा बखल्यांनी चाली बांधल्या, बालगंधर्वांनी त्या रंगभूमीवर गायल्या, आणि ज्यांनी कधी बैठक पाहिली नव्हती त्यांच्या कानात भीमपलास, यमन, बागेश्री घर करून राहिले. नावं ठाऊक नव्हती, अडलंही नाही. पुढे ध्वनिमुद्रिकांनी तेच काम केलं. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं कितीतरी लोकांनी त्या तीन मिनिटांतच ऐकलं आणि त्या आवाजावर जीव टाकला. त्यांच्या बैठकीतल्या विस्ताराची कल्पना त्यावरून येणं शक्य नव्हतं.

जाण अशी आपसूक येत नाही. तिला लक्ष द्यावं लागतं, तुलना करावी लागते, आणि बहुधा कुणीतरी बोट धरून दाखवावं लागतं. वर्षानुवर्षं महोत्सवांना जाणारे, पण सम, म्हणजे तालाच्या फेरीची पहिली मात्रा, कुठे येते ते न कळणारे श्रोते पुष्कळ आहेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्यांनी ‘इतकी वर्षं ऐकतोय’ हा जाणकारीचा पुरावा म्हणून पुढे करू नये.

खरा गोंधळ होतो तो कंटाळ्याच्या बाबतीत. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल सुरू होतो आणि नवखा श्रोता दहा मिनिटांत चुळबुळायला लागतो. हा कंटाळा आवड नसल्याचा की जाण नसल्याचा? दोन्हींचा असू शकतो, आणि दोन्ही बाहेरून अगदी सारखे दिसतात. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे फक्त बारा मात्रांची एक फेरी, जवळजवळ मिनिटभर चालू शकतं. ज्याला ठेका धरता येत नाही त्याच्या दृष्टीने गायक कुठूनतरी निघतो, कुठेतरी पोचतो, आणि बाकीचे लोक अचानक ‘वा’ म्हणतात. कादंबरीची पानं क्रमांक न घालता विस्कटून हातात दिली तर वाचक कंटाळेलच. त्यावरून त्याला कादंबरी आवडत नाही असं ठरत नाही.

इथे थोडीशी जाण मोठा फरक पाडते. एकतालाचे बोल असे: धिं धिं धागे तिरकिट, तू ना कत् ता, धागे तिरकिट धी ना. यात ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं. दुसऱ्यांदा आलं की सम जवळ आली असं समजायचं. गायक बंदिशीचा मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी सुरुवातीची ओळ, उचलायच्या बेतात असतो. एवढं एक कानात बसलं तरी आवर्तनाला आकार येतो. आता गायक मधल्या मोकळ्या जागेत किती लांब जातो आणि वेळेवर कसा परततो, याची उत्सुकता वाटायला लागते. ताण आणि सुटका हा ख्यालाचा मोठा आनंद आहे, आणि ताणच जाणवत नसेल तर सुटकेचं काय कौतुक?

हे साधल्यावरही कंटाळा आला, तर मात्र तो आवडीचा कंटाळा आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. अमीर खाँसाहेबांचा झुमऱ्यातला ख्याल घ्या. चौदा मात्रांचा ताल, लय इतकी संथ की घाई हा प्रकारच शिल्लक राहत नाही, एकेका स्वराभोवती विचारपूर्वक फिरणं, मधूनच सरगम. मला ते गाणं दिवसभर पुरतं. पण सम नेमकी कळणारा, मेरुखंडाची, म्हणजे स्वरांचे क्रम बदलत विस्तार करण्याची, पद्धत माहीत असलेला एखादा माणूस ‘मला हे फार अंतर्मुख वाटतं, मला लयीशी झुंज हवी’ म्हणाला, तर त्याला आणखी शिकवायला जाऊ नये. त्याला आग्रा घराणं ऐकवावं.

आतापर्यंतचा घोळ नवख्यांचा होता. जाणकारांचा घोळ जास्त उपद्रवी, कारण ते आपली आवड जाण म्हणून खपवतात. घराण्यांचे वाद आठवून बघा. आग्र्याच्या अभिमान्याला किराण्यात लय सापडत नाही; किराण्याच्या भक्ताला आग्र्याचा आवाज खरखरीत वाटतो; जयपूरवाल्याला दोघांच्याही ताना सोप्या वाटतात. वर्णन म्हणून यात तथ्य असतं. किराण्याने स्वराला आणि आलापीला झुकतं माप दिलं, आग्र्याने नोमतोम अशा अक्षरांच्या आलापाला आणि लयकारीला, म्हणजे लयीच्या खेळाला, अल्लादिया खाँसाहेबांच्या परंपरेने अनवट रागांना आणि पेचदार तानांना. वर्णनाचा निवाडा केला की घोळ सुरू. कुमार गंधर्वांच्या वाट्याला हे भरपूर आलं. क्षयाच्या आजारपणात ते देवासला गेले, माळव्याची लोकगीतं ऐकली, आणि परतले ते तुटक, टोकदार, अनपेक्षित जागांवर थांबणारी गायकी घेऊन. त्यावर ‘हे ख्यालाच्या रीतीत बसत नाही’ असा आक्षेप घेणारे जाणकार होते. रीतीत काय बसतं हे सांगणं जाणेचं काम. ते ऐकावंसं वाटतं का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

पेटीचं प्रकरण याहून बोलकं आहे. तिच्यावरचा आक्षेप जाणेतून आला होता आणि तो खराही आहे: पट्टीचा स्वर ठरलेला, त्यामुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, आणि दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार तिच्यावर निघणं अशक्य. रवींद्रनाथ ठाकुरांनाही हे वाद्य नकोसं होतं. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. याच काळात मैफलींतून पेटी राजरोस वाजत होती. गोविंदराव टेंब्यांच्या पेटीने तर त्याआधीच महाराष्ट्राला वेड लावलेलं होतं. म्हणजे दोष सगळ्यांना माहीत होते आणि वाद्य तरीही हवं होतं. जाण बरोबर असून आवडीपुढे तिचं काही चाललं नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं शोधून सापडणार नाही.

बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. देशाचा कान सुधारावा म्हणून त्यांनी रेडिओवर शास्त्रीय संगीताला भरपूर वेळ दिला आणि सिनेसंगीताला जवळजवळ हद्दपार केलं. श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांच्या कारकिर्दीत गायक-वादकांना काम मिळालं, संगीताचे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले, हे त्यांचं श्रेय आहेच. चूक झाली ती आवड वरून लावता येते असं मानण्यात. संधी वरून देता येते, तेवढीच.

दाद हा प्रकारही या दृष्टीने बघण्यासारखा आहे. द्रुत लयीत तबला आणि सतार सवाल-जवाबाला भिडले की सगळं सभागृह टाळ्या वाजवतं. तिथे जाणेची गरज नसते. विलंबितात गायक अवघड जागेवरून अलगद समेवर उतरला की पुढच्या दोन ओळींतूनच हुंकार येतो. दुसरी दाद पहिलीपेक्षा श्रेष्ठ असं काही जण मानतात. मला तसं वाटत नाही. त्या वेगवेगळ्या गोष्टींना दिलेल्या दादी आहेत. शेजारच्याचं बघून मान डोलावणं, ही तिसरी जात, आणि तिच्यात ना आवड ना जाण.

जाण आली की आवडीचं काय होतं? वाढतेच असं नाही. काही वेळा ती अरुंद होते. सुरुवातीला जी तयारीची तान ऐकून अंगावर काटा यायचा, ती पाठांतराची आहे हे ओळखू यायला लागतं आणि मजा कमी होते. हा तोटा जाणकार सहसा कबूल करत नाहीत. फायदा असा की नावड नेमकी होते. ‘मला शास्त्रीय आवडत नाही’ याऐवजी माणूस म्हणतो, ‘मला सरगम फार झालेली चालत नाही’, ‘तराणा मला नको’, ‘हा गायक आवडतो, पण त्याचा यमन नाही.’ अशा नावडीशी बोलता येतं, वाद घालता येतो.

म्हणून ज्याला आवड लावून घ्यायची आहे त्याने पुस्तक उघडू नये. आवाज भावेल असा एक गायक आणि एकच ध्वनिमुद्रण निवडावं आणि ते कामं करता करता वाजत राहू द्यावं. ज्याला जाण हवी आहे त्याने याच्या उलट करावं: भूप आणि देशकार लागोपाठ लावावेत, हातातलं काम बाजूला ठेवावं, गायक कुठल्या स्वरावर थांबतो एवढंच बघावं. आणि कुणी ‘मला कळत नाही’ म्हणालं तर विचारावं, ऐकताना हरवल्यासारखं होतं की नकोसं होतं? हरवणाऱ्याला एकताल मोजायला शिकवावा. नकोसं होणाऱ्याला ख्यालाऐवजी ठुमरी किंवा ध्रुपद ऐकवून बघावं, आणि तेही नको म्हणाला तर विषय बदलावा.