बाळाच्या हाताचं ऑपरेशन योजनेतून: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी माहिती

बाळाची बोटं जुळलेली असोत, अंगठा नसो की मनगट अंगठ्याच्या बाजूला वळलेलं असो, पहिली धाव डॉक्टरांकडे हवी, कागद त्याच्या बरोबरीनं जमवायचे. अंगठा-तर्जनी किंवा अनामिका-करंगळी जुळलेली असेल, तर लांब बोट आखूड बोटाकडे ओढलं जाऊन वाकडं वाढतं, म्हणून ती साधारण वर्षाच्या आत सोडवतात. मधल्या बोटांना दीड वर्षापर्यंत थांबता येतं. वळलेल्या मनगटाचं स्ट्रेचिंग आणि स्प्लिंट (हात सरळ धरून ठेवणारा आधार) मात्र जन्मानंतर लगेच सुरू होतं. ‘मोठं झालं की बघू’ हा शेजारपाजारचा सल्ला इथे महागात पडतो.

दाखवायला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाण्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा वाशीचं पालिका रुग्णालय आहे. तिथून परळच्या वाडियासारख्या बालरुग्णालयात पाठवलं तरी गोंधळू नका, लहान मुलांचा हात हे खास काम आहे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात आणि 1 जुलै 2024 पासून पांढरं रेशनकार्डही चालतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, तो नोंदणी करतो. मग रुग्णालय एक्स-रे आणि हाताचे फोटो जोडून ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतं. आपल्या मुलाचं नेमकं ऑपरेशन यादीत आहे का, हे ॲडमिट होण्याआधी विचारा. 155388 वरही विचारता येतं. स्प्लिंटचे पैसे योजनेत धरलेत का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

सोबत रेशनकार्ड आणि पालकांचं आधार न्या. अडतं ते बाळाचं नाव रेशनकार्डावर नसल्यानं. तोवर जन्मदाखला आणि आई किंवा बाबांसोबतचा बाळाचा फोटो ठेवा, नाव चढवायचा अर्ज मात्र शिधावाटप कार्यालयात लगेच टाका. पाच वर्षांखालच्या बाळाच्या आधारला बोटांचे ठसे लागत नाहीत, त्यामुळे बोटं नाहीत म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका.

मनगट वळलेलं किंवा अंगठा नसेल तर हृदयाची टूडी इको, किडनीची सोनोग्राफी आणि प्लेटलेटसह सीबीसी ही रक्ततपासणी, हे रिपोर्टही फाइलमध्ये हवेत. असा हात कधी हृदयाच्या, किडनीच्या किंवा रक्ताच्या दोषासोबत येतो आणि भूल देण्याआधी ते कळायलाच हवं.

दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड ऑपरेशनसाठी लागत नाही. ते काढायचं तर अर्ज ऑनलाइन होतो, तपासणीला सरकारी रुग्णालयात जावं लागतं.

योजनेत बसलं नाही, तर धर्मादाय रुग्णालयात वार्षिक उत्पन्न 1.80 लाखांपर्यंत असेल तर मोफत आणि 3.60 लाखांपर्यंत सवलतीत खाटा राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1.60 लाख आहे, आणि ऑपरेशन उरकल्यावर केलेल्या अर्जाला तिथून परतफेड मिळत नाही.