सेल्व्हनला व्याकरण येत होतं

कोल्हापुरात एम.ए. इंग्रजीच्या पोरांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: कॅरिबियन, नायजेरियन कादंबऱ्या वाचल्या की आपलं इंग्रजी बिघडतं, कारण त्या लेखकांनाच व्याकरण येत नव्हतं. धादांत खोटं. (रांगड्या कोल्हापुरीत लिहिणाऱ्याला मराठी येत नाही, असं राजारामपुरीत कुणी म्हणून बघावं!) त्रिनिदादच्या सॅम सेल्व्हननं ‘द लोनली लंडनर्स’ (१९५६) आधी प्रमाण इंग्रजीत लिहायला घेतली होती; जमेना, म्हणून जाणूनबुजून बेटावरच्या बोलीकडे वळला. त्या बोलीला स्वतःचे नियम आहेत. ‘ही डझ गो’ (he does go) म्हणजे तो नेहमी जातो. सवय सांगायला तिथं ‘डझ’ लागतं. पेपरात तसं लिहिलंत तर मार्क जातील, ते वेगळं. नायजेरियाच्या केन सारो-विवानं तर ‘सोझाबॉय’च्या (१९८५) उपशीर्षकातच ‘रॉटन इंग्लिश’, म्हणजे सडकं इंग्रजी, असं छापलं. अशा कादंबऱ्या वाचताना अडलात तर मोठ्यानं वाचा, निम्मं तिथंच सुटतं.