घशात घास अडकणे (प्रथमोपचार)

घास, शेंगदाणा, फळाची बी किंवा एखादे नाणे श्वासनलिकेच्या तोंडाशी बसून श्वासाची वाट बंद होणे, याला बोलीत ‘घास अडकणे’ म्हणतात. गिळताना श्वासनलिकेवरची झडप मिटते. तोंडात घास असताना हसले, बोलले, पळापळ केली की हा मेळ चुकतो.

आधी आवाज ऐकावा. माणूस जोरात खोकत असेल, मूल रडत असेल, तर हवा ये-जा करते आहे. त्याला खोकू द्यावे आणि जवळ थांबावे. खोकल्याला आवाजच नसेल, बोलता येत नसेल, हात गळ्याशी जात असतील, ओठ निळे पडत असतील, तर हाताशी मोजकी मिनिटे आहेत. एकाने १०८ किंवा ११२ ला फोन लावावा, दुसऱ्याने उपचार सुरू करावा.

रुग्णाला कमरेत पुढे वाकवून, छातीला एका हाताचा आधार देऊन, पाठीवर खांद्यांच्या दोन्ही फऱ्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ जोरदार थापा माराव्यात. घास सुटला नाही तर मागे उभे राहून कमरेभोवती हात घालावेत, एक मूठ बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली ठेवून दुसऱ्या हाताने धरावी व आत-वर असे ५ झटके द्यावेत. अडथळा निघेपर्यंत हे आळीपाळीने करावे. लहान मुलामागे गुडघ्यावर बसावे. गरोदर स्त्रीच्या पोटावर दाब देऊ नये. झटके छातीच्या मधोमध द्यावेत.

पोटावरच्या झटक्यांची पद्धत अमेरिकी शल्यविशारद हेन्री हाइमलिक यांनी १९७४ साली मांडली. फुप्फुसांत उरलेली हवाच बुचासारखा अडथळा बाहेर ढकलते, हे तिच्यामागचे तत्त्व. २०१६ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, स्वतः राहत असलेल्या वृद्धनिवासात त्यांनी जेवणाच्या टेबलावर एका वृद्धेचा घास याच पद्धतीने सोडवला.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर मात्र झटके देऊ नयेत. बाळाला हातावर पालथे घ्यावे, डोके धडापेक्षा खाली, जबडा बोटांनी धरलेला. पाठीवर ५ थापा, मग उताणे करून छातीच्या मधोमध ५ दाब.

आपल्याकडे ठसका लागला की टाळू थापटतात, ‘वर बघ’ म्हणतात, पाण्याचा पेला पुढे करतात. हे मायेने होते, पण श्वास बंद पडलेल्याला याचा उपयोग नाही आणि पाण्याने धोका वाढतो. घशात आंधळेपणाने बोट घालणे तर त्याहून वाईट. दाणा आणखी खाली सरकतो. वस्तू डोळ्यांना दिसली तरच काढावी.

रुग्णाची शुद्ध हरपली तर त्याला जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मधोमध दाब देणे सुरू करावे. कृत्रिम श्वास देता येत असल्यास ३० दाबांमागे २ श्वास. दर वेळी तोंडात डोकावावे.

पोटावर झटके दिलेल्या प्रत्येकाला नंतर डॉक्टरांना दाखवावे, कारण आतल्या अवयवांना इजा झालेली असू शकते. मुलाच्या बाबतीत आणखी एक: दाणे खाताना ठसका लागला, थोड्या वेळाने मूल खेळू लागले, पण पुढे खोकला जात नाही, छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. अशा वेळी दाण्याचा तुकडा फुप्फुसात जाणाऱ्या श्वासनलिकेच्या फांदीत उतरलेला असू शकतो. तो दुर्बिणीने काढावा लागतो, आणि त्या ठसक्याची गोष्ट डॉक्टरांना पालकांनीच सांगायला हवी.